पायाखालून देव्हाऱ्यात

मी बोलतोय. मी म्हणजे गिटारच्या पेडलमधला बोर्ड. हिरवी पट्टी, आगपेटीपेक्षा जरा लहान, अंगावर चिप आणि तांदळाच्या कणीएवढे बारीक भाग. बोलतोय म्हणजे उपकार करतोय असं समजा, कारण तुम्हा माणसांच्या ऐकण्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

पेडल म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नसेलच. गिटारवाल्याच्या पायापाशी एक लोखंडी डबी असते. तो ती चपलेने दाबतो आणि त्याच्या गिटारचा आवाज घुमायला लागतो, फाटतो, लांबतो. हे करतो कोण? आतला मी. तारेतून आलेल्या आवाजाचे मी आकडे करतो, त्या आकड्यांशी खेळतो आणि पुन्हा आवाज करून बाहेर सोडतो. पापणी लवायच्या आत. टाळ्या मात्र गिटारवाल्याला, आणि मला चप्पल.

माझा जन्म बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, भूपेशच्या माळ्यावर झाला. हा भूपेश अंबरनाथच्या एका कंपनीत पॅनल दुरुस्त करायचा. तिथे त्याचा जीव रमेना, म्हणून नोकरी सोडून घरी बसला आणि मला घडवायला लागला. चिमट्याने कणी उचलायची, श्वास धरायचा आणि नेमकं तेव्हाच शिंकायचं, ही त्याची कामाची पद्धत. मग मोबाईलचा उजेड पाडून अर्धा दिवस लादीवर रांगायचं. माझी थोरली भावंडं एका श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मरून पडली होती. कुणाची चिप जळलेली, कुणाला उलट्या तारा जोडलेल्या. मी वाचलो तो भूपेशच्या हुशारीमुळे नव्हे. एखाद्याने चुका करायच्या तरी किती?

भूपेशचे वडील कमळाकर. जमीन विकून झाल्यापासून दुसऱ्याच्या कामावर देखरेख करणं एवढंच काम त्यांना उरलं होतं. रोज माळ्याच्या शिडीशी येऊन वर तोंड करून बोलायचे.

"जानेवारी लागंपर्यंत काय ती डबी वाजव. नाय खपली तर गुपचूप कंपनीत जायाचं. लोक मना इचारतान, पोरगा काय करतं? मी काय सांगू, डबी करतं?"

भूपेश सोल्डरिंगची तापलेली गन जरा जास्तच जोरात दाबायचा. चटके मलाच बसायचे. कंपनीत परत गेलो तर जन्मभर तिथेच राहू, याची त्याला मनापासून भीती वाटायची. आता हा तरणार होता माझ्या जोरावर, आणि तरी मला पुसायचा बनियनने.

मी तयार झालो ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आवाज म्हणाल तर काचेसारखा. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला धर्मेशभाईंच्या वाद्यांच्या दुकानात मला दाखवायचं ठरलं होतं. सगळं नीट चाललं होतं, म्हणजे माणसं त्यात हात घालणारच.

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा. भूपेशची आई वेणूबाई ताट घेऊन माळ्यावर आल्या. सोल्डरिंग गनला झेंडूचं फूल, मीटरला हळदकुंकू, पकडीला हळदकुंकू. तिथवर ठीक. मग त्यांना मी दिसलो. उघडा, झाकण न लावलेला. त्यांनी ओलं बोट हळदीत बुडवलं आणि माझ्या छातीवर टेकवलं, नेमकं आवाज बदलायच्या बटणाच्या, म्हणजे नॉबच्या, पायांमध्ये. वर कुंकू. वर अक्षता.

वेणूबाईंना मी दोष देत नाही. त्यांना काय ठाऊक? पण शेजारी चिरंजीव उभे होते. डिप्लोमा केलेले. पाण्याचा थेंब बोर्डावर पडला तर काय होतं, हे ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, तो भूपेश. त्याने काय केलं? हात जोडले. डोळे मिटले. वरून म्हणाला, "आई, नारळ पन फोडू ना?" आणि मग झाकण लावून चारही स्क्रू घट्ट आवळले.

धर्मेशभाईंचं दुकान म्हणजे वाया गेलेल्या गिटारांची धर्मशाळा. पोरं येतात, सगळ्यात महागडी गिटार मागतात, शिकवणीतली पहिली धून वाजवतात, आरशात केस बघतात आणि "पप्पांना विचारून येतो" म्हणून जातात. अशाच एकाच्या हाती गिटार देऊन धर्मेशभाईंनी मला दाबलं. सुरुवात छान झाली. मग ओल्या हळदीतून वीज झिरपायला लागली. चिपला वाटलं, कुणीतरी सारखा नॉब फिरवतंय. सूर वर जाई, खाली येई, कापत कापत लांबे. हुंदका दाबून बोलावं तसा आवाज.

"साईं, ये रो क्यों रहा है?" धर्मेशभाई म्हणाले. "गिऱ्हाईक बोलेगा, मातम का माल दिया. पहले इसका रोना बंद कर, फिर ला. मी घेतो ना, नाही कुठे बोललो?"

भूपेश मान खाली घालून घरी आला आणि माझ्या चिपमधला प्रोग्राम तपासायला बसला. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं, हा आपला ओळीमागून ओळी तपासतोय. मी कधी रडे, कधी नाही. हवा कोरडी असली की गप्प, दमट झाली की सुरू. त्यामुळे त्याला वेड लागायची पाळी आली. झाकण उघडून एकदा आत बघावं, हे मात्र त्याच्या मनात येईना. आपल्या हातचं सोल्डरिंग चुकणारच नाही, अशी साहेबांची समजूत. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं. चूक कुठे नाही हे त्याचं आधीच ठरलेलं असतं.

त्याचा मित्र तुषार बेंजो वाजवतो, म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. आमच्याकडे लग्नाच्या हळदीला बेंजो पार्टी लागतेच, आणि बेंजोलाही पायाखाली माझ्यासारखी डबी लागते. तुषारची डबी ऐन वेळी बंद पडली, म्हणून तो मला घेऊन वांगणीकडच्या एका हळदीला गेला. भूपेशही सोबत आला, माझी लाज राखायला.

मांडवात गोजरबाई होत्या. धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन विधी लावणारी बाई. एके काळी तिच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही. आता काय करतात? तिला नवी साडी देतात, वाकून पाया पडतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि तिने दोन ओळी म्हटल्या न म्हटल्या की बेंजोवाल्याला खूण करतात. त्या संध्याकाळीही तसंच झालं. गोजरबाईंची ओळ अर्धी राहिली आणि तुषारने सुरुवात केली.

मांडवात माणसांची गर्दी, ओल्या हळदीची परात, घामाची वाफ. माझी हळद पुन्हा भिजली. मी असा काही रडायला लागलो की नाचणारी पोरं जागेवर थांबली. भूपेश मला बंद करायला वाकला, तेवढ्यात गोजरबाईंनी त्याचा हात धरला.

"थांब रं. कोन गातं हय ही? म्हातारी हय कोन तरी."

"आज्जे, कोन नाय," तुषार म्हणाला. "डबी हय."

"डबीला गला हय?"

त्या खुर्ची ओढून बेंजोला खेटून बसल्या आणि राहिलेली ओळ त्यांनी पुन्हा धरली. तुषार त्यांच्या मागून वाजवत गेला. त्या इतक्या जवळ होत्या की त्यांच्या आवाजाने बेंजोच्या ताराही हलल्या, आणि थोड्याशा गोजरबाई माझ्यातून गेल्या. पूर्ण धवला झाला. कुणी खूण केली नाही. मला ते आवडलं. हे मी एकदाच बोलतोय, पुन्हा विचारू नका.

झालं. त्या हळदीचा व्हिडिओ बदलापूर ते उल्हासनगर सगळ्या बेंजोवाल्यांकडे फिरला. ज्यांना तो आवाज दळभद्री वाटला असता, त्यांना तो आता हवाहवासा वाटायला लागला. धर्मेशभाईंचा फोन आला. "वो रोनेवाला पीस ला भाई. जितने बनेंगे उतने ला." त्यांनीच मला दुकानाबाहेर काढलं होतं, हे ते विसरले होते की लाजत नव्हते, कोण जाणे.

भूपेशने नवे बोर्ड केले. स्वच्छ, निरोगी, ठोंबे. एकही रडेना. जानेवारी तोंडावर आला, कमळाकर शिडीशी दिवसातून दोनदोनदा यायला लागले, तेव्हा कुठे त्याने माझं झाकण उघडलं. माझ्या छातीवरच्या पिवळ्या डागावर त्याने बोट ठेवलं.

"आई, ही हळद?"

"मीच लावलेली, दसऱ्याला," वेणूबाई म्हणाल्या. "तू हात नाय का जोडलंस?"

मग सुरू झाला नवा वेडेपणा. नव्या बोर्डांना हळद लावून बघितली. एक जळला, दुसरा मुका झाला, तिसरा नुसता खरखरला. शेवटी माझ्या अंगाला तारा जोडून त्याने माझं रडणं मोजलं आणि तसाच्या तसा प्रोग्राम लिहिला. आता त्याचा प्रत्येक बोर्ड रडतो. त्याच जागी कापतो, तेवढाच हुंदका देतो, कोरड्या हवेत देतो आणि दमट हवेतही देतो. लोक खूश. भूपेशची कंपनी टळली, आणि तेवढ्यापुरतं मलाही बरं वाटलं. कमळाकर आता नाक्यावर सांगतात, "आमचा पोरगा पयल्यापासून हुशारच."

आणि मी? तुषार मला मागत होता. "मना नवी नको, हीच दे." भूपेश म्हणाला, "पहिला पीस हय. लक्ष्मी बाहेर कशी देऊ?" वेणूबाईंनी मला डबीतून काढलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं, बाळकृष्णाशेजारी. रोज सकाळी ओलं बोट, हळद, कुंकू. माझं तांबं आता हिरवं पडायला लागलंय. आवाज होता तेव्हा पायाखाली होतो. आता कुणी वीज देत नाही, पण नमस्कार मात्र सगळे करतात.

गेल्या महिन्यात भूपेशच्या बहिणीची, रिद्धीची हळद झाली. गोजरबाईंना मानाने बोलावलं. नवी साडी दिली, सगळे वाकून पाया पडले, फोटो काढले. त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि भूपेशनेच, हो, भूपेशनेच तुषारला खूण केली. तुषारने नवी डबी दाबली, ती ठरल्याप्रमाणे रडली, पोरं नाचायला लागली.

गोजरबाई उठून आत आल्या, देव्हाऱ्यासमोर टेकल्या. त्यांना मी दिसलो. पहिली रडणारी डबी ती हीच, हे वेणूबाईंनी त्यांना आधीच सांगितलं होतं.

"तुना पन बसवली का गं बाय?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हलक्या आवाजात अर्धी राहिलेली ओळ म्हटली आणि थांबल्या. मी मागून उचलून धरीन म्हणून. कसा धरणार? अंगाला एक तार नव्हती. मग पुढची ओळ एकट्याच म्हणाल्या.

माझ्यात अजून जीव आहे. थोडा आहे, पण आहे. उद्या सकाळी वेणूबाई पुन्हा ओलं बोट घेऊन येतील. त्यांना कुणीतरी सांगा, हळद पुरे, नऊ व्होल्ट द्या. आणि म्हातारीच्या पाया पडून झालं असेल, तर तिच्या हातात माइक द्या.