पाखऱ्याला कुणी सोडलं

सोपानरावांना बैलाचं वेड होतं, आणि वेड लागलेल्या माणसाला शहाणपण सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे चाकणच्या आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक होतं. जमीन कंपन्यांच्या कुंपणाआड गेली. त्यातल्याच एका कंपनीत सोपानरावांनी तीस वर्षं शिफ्टा केल्या आणि रिटायर झाले. घरामागे भाडेकरूंसाठी पत्र्याच्या खोल्या उठल्या, गोठा मात्र मोडला नाही. नांगराला वावर नाही आणि दावणीला बैल, अशी गत. गावातली पोरं चेष्टा करायची, "तात्या, ह्याला काय पार्किंगमदी जुपता का?"

"घाटात जुपतो. येतो का बसाया गाड्यावर?" सोपानराव म्हणायचे, आणि पोरं हळूच पांगायची. कारण पाखऱ्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, सुटला की भल्याभल्यांची बोटं तोंडात जायची. शर्यतीच्या गाड्याला चार बैल लागतात. त्यातले तीन खंडूचे आणि पुढचा पाखऱ्या, अशी वर्षानुवर्षांची जुंपणी होती. खंडू हा सोपानरावांचा चुलतभाऊ, घर चार पावलांवर.

अशात दोन वर्षांपूर्वी सोपानरावांच्या बायकोच्या, अंबूबाईंच्या, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळत यायला लागले. मुलगा ज्ञानेश पिंपरीत फ्लॅटमध्ये राहतो. तो म्हणाला, "आबा, आईला सांभाळायला बाई ठेवू." सोपानरावांना राग आला. पन्नास वर्षं जिनं केलं, तिचं करायला भाड्याची बाई? "तिच्यावर हात पडंल तर माझाच पडंल," असं म्हणाले आणि खरोखर सगळं शिकले. अंघोळ घालणं, कूस बदलणं, भाकरी दुधात मऊ कुस्करून भरवणं. वेणीसुद्धा. पहिली वेणी बैलाच्या शेपटीसारखी झाली होती आणि आरशात बघून अंबूबाई अर्ध्या तोंडानं का होईना, पण पोटभर हसल्या होत्या.

या सगळ्यातून सोपानराव स्वतःसाठी एवढंच काढून ठेवत. सकाळी एक तास पाखऱ्याचा, संध्याकाळी एक तास पाखऱ्याचा. खरारा करायचा, पेंड कालवायची, रस्त्यावर ट्रेलरांची रांग लागायच्या आत त्याला माळावर फिरवून आणायचं. तेवढ्यावर माणूस दिवसभर उभा राहायचा. अंबूबाईंची खाट त्यांनी मुद्दाम खिडकीपाशी लावली होती. गोठा समोरच दिसायचा. तिलाही करमणूक, असं त्यांना वाटायचं. नवऱ्यांना बरंच काही वाटत असतं.

त्या गुरुवारी ज्ञानेशचा फोन आला. आईचा अपंगत्वाचा दाखला राजगुरुनगरला तयार आहे, आजच जाऊन आणा, वर्षाली घरी बसायला येतेय. सुनेनं सुट्टी काढली यातच पाल चुकचुकायला हवी होती. पण बायकोचं काम म्हटल्यावर सोपानरावांनी धोतर बदललं आणि एसटी पकडली. तिथं दिवसभर बाकावर बसवून घेतलं आणि शेवटी एकानं सांगितलं की असा दाखला तयार झालेलाच नाही, तुम्हाला बोलावलं कुणी? सोपानराव चडफडले, पण येताना अंबूबाईंसाठी मऊ पेढे घ्यायला विसरले नाहीत.

परत आले तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. वर्षाली निघून गेली होती. सवयीनं ते आधी गोठ्याकडे वळले. दावण मोकळी होती.

मग जे झालं ते सगळ्या आळीनं ऐकलं. सोपानराव थेट भाडेकरूंच्या खोल्यांवर गेले. "कुनी नेला? कुनी नेला माजा बैल? कालपरवा आलेली पोरं तुमी, तुमाला घर दिलं ते यासाठी व्हय?" शिफ्टवरून आलेली ती जालना-परभणीकडची पोरं अंगात शर्टही न घालता बाहेर आली. एकानं हात जोडले. "तात्या, आईशपथ, आम्ही आत्ताच आलोत." सोपानराव पोलिसात निघालेच होते. चपला घालताना त्यांचं लक्ष गोठ्याच्या खुंटीकडे गेलं.

खुंटीला पाखऱ्याचं दावं होतं. नीट गुंडाळून अडकवलेलं.

चोर दावं कापतो, नाहीतर दाव्यासकट नेतो. दावं सोडून, गुंडाळून, खुंटीला अडकवून जनावर नेतात ते फक्त एकाच वेळी. घरानं जनावर दुसऱ्याला दिलं म्हणजे. जनावर द्यावं, दावं देऊ नये, दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि गावात दुसराही एक रिवाज होता. घरधनीण कुंकू लावल्याशिवाय बैल उंबऱ्याबाहेर पडत नाही. तिनं कुंकू लावून धाडलेला बैल परत मागायचा नाही, दिलेली लेक मागत नाहीत तसा.

सोपानराव घरात आले. अंबूबाई खिडकीकडे पाठ करून पडल्या होत्या. एरवी त्यांना एकटीनं कूस बदलता येत नसे. म्हणजे सुनेनं जाताना वळवून ठेवलं होतं. सोपानराव खाटेपाशी गेले आणि त्यांनी तिचा डावा हात, चांगला हात, हातात घेतला. करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू होतं. पुसायचा प्रयत्न झाला होता, पण नखाच्या कडेला लाल रेघ राहिली होती.

रोज ते हाच हात धूत होते.

"तू लावलंस?"

अंबूबाईंनी डोळे मिटले.

"अंबू, तू लावलंस का?"

"व्हय."

"कुनाला दिला?"

"खंडूभावजींना." मग एकेक शब्द ओढत ओढत त्या म्हणाल्या, "पोळ्याच्या आदी पाखऱ्यानं पाडलं तुमाला. मी बगितलं हितनं. किती येळ उठला न्हाई तुमी. मला हाकबी मारता येईना."

"बरगडीला नुसता मुका मार व्हता."

"तुमाला काय झालं तर मला कोन हाय?" अंबूबाईंच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं. "ज्ञानेश बाई ठिवंल. न्हाईतर कुटं नेऊन ठिवंल. मला भ्या वाटतं."

सोपानरावांना हे सगळं कळलं. कळत नव्हतं असं नाही. म्हाताऱ्या माणसाची भीती म्हाताऱ्या माणसाला सांगावी लागत नाही. पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बायको, मुलगा, सून आणि भाऊ, चौघांनी बसून ठरवलं होतं. एखाद्या पोराला बाजारात पिटाळावं तसं त्यांना खोट्या दाखल्यामागे पाठवलं होतं. आणि ते तिकडे बाकावर तिच्यासाठी ताटकळत होते तेव्हा इकडे तिला खाटेसकट दारापर्यंत आणून तिच्या हातात कुंकवाचा करंडा दिला होता. परक्यानं केलं असतं तर माणूस भांडून मोकळा होतो. इथं भांडायचं कुणाशी?

"मला इचारायचं तरी," ते म्हणाले.

"इचारलं असतं तर न्हाई म्हनला असता."

"व्हय. न्हाईच म्हनलो असतो."

पेढ्यांचा पुडा कोनाड्यात तसाच राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या.

ज्ञानेशनं फोनवर समजावलं. "आबा, तुमच्याच भल्यासाठी केलं ना. तुमचं वय काय, बैल केवढा! आणि आईचीच इच्छा होती." सोपानरावांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. आपल्या भल्याचा ठेका आपल्याला न विचारता दुसऱ्यांनीच घेतला होता.

खंडू आला तो यात्रेच्या दिवशी, सकाळीच. अंगणात उभा राहून टोपी हातात फिरवत होता. "दादा, तोंड दाखवायला जागा न्हाई, पन आलो. वैनीनं कुंकू लावलं, मी काय करनार व्हतो? पर पाखऱ्या वैरनीला तोंड लावंना. आज शर्यतीत बारी हाय आपली. जुपाया गेलं तर आंगावर येतोय. तू नुसता घाटापातूर चल. तुजा आवाज ऐकला तर पळंल."

सोपानरावांच्या डोळ्यांपुढे घाट उभा राहिला. गाड्यापुढं पळत सुटलेली घोडी, तिच्यामागे उधळलेली माती आणि मातीतून पुढे आलेलं पाखऱ्याचं पांढरं कपाळ. उठून तसंच पळत जावं असं वाटलं त्यांना.

आतून अंबूबाईंचा आवाज आला. सगळं ऐकलं होतं तिनं. "जावा तुमी. जाऊन या. मी ऱ्हाते." मग पुन्हा, "जावा की वो."

तेवढ्यानंच बिनसलं. सोपानराव उठत होते ते पुन्हा टेकले. आता परवानगी? बैल न्यायलाही हिची आणि बैल बघायलाही हिचीच? तिला नवरा खाटेपाशी हवा होता ना, तर घे म्हणावं.

"खंडू," ते म्हणाले, "मला माजं मानूस सांभाळायचंय. तू जा."

खंडूनं टोपी डोक्यावर घातली आणि तो गेला.

सोपानरावांनी खुर्ची ओढली आणि खाटेला लागून बसले. दिवसभर तिथून हलले नाहीत. पाणी मागितलं, पाणी दिलं. कूस बदलली, अंग पुसलं, वेणी घातली. वेणी आता छान जमत होती. हात पूर्वीसारखेच हळुवार होते, त्यात तसूभर कसूर नव्हती. फक्त तोंडातून शब्द नाही. दुपारी घाटाकडून लाउडस्पीकरचा आवाज वाऱ्यावर येत राहिला. कुणाकुणाच्या गाड्यांची नावं पुकारली जात होती. खंडूच्या गाड्याचं नाव आलं आणि अंबूबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सोपानराव समोरच्या भिंतीकडे बघत होते.

संध्याकाळी त्यांनी वाटीत भाकरी कुस्करली, वर दूध घातलं आणि चमचा पुढे केला. अंबूबाईंनी ओठ मिटून घेतले. डाव्या हातानं त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं. पकड अजून चांगली होती.

"कायतरी बोला," त्या म्हणाल्या. "शिव्या द्या. मारा वाटलं तर. पन असं नगा."

सोपानरावांनी मनगट सोडवून घेतलं, हळूच, तिला दुखणार नाही असं. पदरानं तिचे डोळे टिपले. हनुवटीवर ओघळलेली लाळ पुसली.

"तोंड उघड," ते म्हणाले.