आत्याची रिकामी चटई

नांगर तळाशी अडकून इंजिनाच्या ओढीलाही हलेना, तर दोर कापून टाकायचा, जागा टिपायची आणि केबल कंपनीला कळवायचे, हा नियम वावाउ बेटावरच्या प्रत्येक कोळ्याला पाठ होता. कंपनी निमूटपणे नवा नांगर देई. कारण त्या तळाशी मनगटाएवढी जाड एकच केबल होती आणि बेटाचे सगळे फोन तिच्यावर चालत.

सोमवारी लिसियातेने दोर कापला नाही. मासळी लागली होती. खाली खडकच असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. तिसऱ्या ओढीला नांगर सुटला. दुपारी तो धक्क्याला लागला तेव्हा बेटावरचे फोन मुके झाले होते. तो कोणाजवळ काही बोलला नाही.

बुधवारी त्याचा थोरला भाऊ फालेताऊ हृदयविकाराने गेला.

उशाशी आत्या बसल्याखेरीज मयत उचलायचे नसते आणि आत्या ऑकलंडला. सरकारी कचेरीतला उपग्रह फोन रुग्णांसाठी राखलेला. चिठ्ठी घेऊन जाणारे विमान शनिवारचे. इस्पितळाच्या शीतपेटीत तर मयत दोनच दिवस ठेवता येई.

"केबल मुद्दाम तोडली असेल कोणी," भावजय सेलू म्हणाली. "हल्ली तसंही करतात म्हणे."

"परकं जहाज असेल," लिसियाते म्हणाला.

"परकं जहाज आपल्या खाडीत कशाला मरायला येतंय?" चुलते पेनी गुरगुरले. "तुम्हा कोळ्यांतलाच कोणीतरी गाढव असणार."

शुक्रवारी उशाशी आत्यासाठी चटई अंथरली, ती रिकामीच राहिली. माती लोटताना कोणी कोणाकडे पाहिले नाही.

आत्या मंगळवारी पोहोचली. थडग्यापाशी बराच वेळ बसून ती घरी आली आणि रिवाजाप्रमाणे सुतक फेडण्यासाठी एकेकाचे केस कापू लागली. लिसियातेची पाळी आली. मान खाली घालून त्याने सगळे सांगितले.

"बोलला नसतास तर मला कळलंही नसतं," आत्या म्हणाली.

"नाही, आत्या."

तिने कात्री मिटली.

"राहू देत तुझे केस. फालेताऊचं तोंड मला दिसलं नाही. तुझं सुतक फेडायची मला घाई नाही."

आणि तिने सेलूला जवळ बोलावले.