इमारतीचं इमारतीला

मित्रांनो, मी एक जुनी इमारत. वय पंधराच वर्षं, पण धुरानं काळी पडले, म्हणून जुनीच म्हणा. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एका बोळात माझ्या पोटात अकरा बायका कडक भाकरी करतात.

मला कंत्राटदारानं नाही बांधलं. मालकीण शिवबाईनं स्वतः उभं राहून बांधलं. पाणी तिनं मारलं, मजूर जेवायला बसले की घमेली तिनं उचलली. हिशेब लिहिणाऱ्या प्रभुनं सिमेंट, लोखंड, मजुरी धरून माझी किंमत सहा लाख मांडली. शिवबाईच्या कष्टाला वहीत रकाना नव्हता. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ते मी भिंतीत घातलंय."

प्रभुनं माझं आयुष्य तीस वर्षं धरलं. दर मार्चअखेरीला तो वाचून दाखवायचा, "आज्जी, इमारतीचा घसारा वीस हजार काढला."

"काढ की. इमारतीचं इमारतीला मिळायलाच पायजे."

तिला वाटायचं, माझ्या दुरुस्तीला तेवढे पैसे बाजूला पडले. खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं. शेजारच्या गोदामाला रंग लागला, तेव्हा मी मनात म्हटलं, मिरव बाई, माझ्या नावावर रोकड आहे. माझा गिलावा सुटला, सळई दिसू लागली, तरी शिवबाई निर्धास्त.

यंदा मोठ्या चुलीवरच्या स्लॅबला बोट जाईल एवढी भेग पडली. गवंडी मायाप्पानं टेकू लावला आणि अडीच लाख खर्च सांगितला. शिवबाईनं प्रभुला बोलावलं.

"पंधरा वर्सांचं तीन लाख झालं न्हवं? आण."

"आज्जी, ते पैसे न्हाईत. इमारत झिजली, तेवढी तिची किंमत कमी लिवली."

"काढलं म्हणत हुतास की दर साली."

"वहीतनं काढलं. पेटीतनं न्हाय."

"मग पेटीतलं कुटं गेलं?"

"तुमच्या लेकाची, गुरुशांतअण्णाची गाडी, नातीचं लगीन. तुमीच नेलं की."

शिवबाईनं त्याची वही मिटली. मग म्हणाली, "म्हंजे पंधरा वर्सं तू हितं बसून निस्ती माझी इमारत झिजवलीस व्हय, मेल्या."

प्रभुची चूक नव्हती. त्यानं रीतीनं लिहिलं. त्याचा अर्थ कुणी विचारला नाही, त्यानं सांगितला नाही.

काम बंद केलं तर अकरा घरच्या चुली विझतात. म्हणून शिवबाईनं बायकांना दारापाशी हलवलं आणि भेगेखाली, मोठ्या चुलीपुढं, स्वतः पाट मांडला.

त्यातली श्रीदेवी भाकरी थापायची थांबली. "आज्जी, उठा तितनं."

"तू तुझी भाकर बघ, करपायली. माझ्या हातची हाय ही इमारत. माझ्यावर पडायची न्हाय."

मित्रांनो, असा शब्द मी तिला दिलेला नाही. काल टेकू कुरकुरला. तिनं वर पाहिलं आणि पीठ मळत राहिली. दारात पत्र्याचा डबा ठेवलाय. भाकरी विकली की पहिली नोट त्यात. अजून डब्याचा तळही झाकलेला नाही.

तुमच्या घराचा, तुमच्या शाळेचा घसारा वहीत जरूर लिहा. पण त्याच दिवशी तेवढे पैसे खरोखर बाजूला ठेवा. आकड्यानं भेग बुजत नाही, बाबांनो.

मार्चअखेर आलीच. प्रभु येईल, माझे आणखी वीस हजार उतरवील. उतरवू दे. वहीत मी अजून पंधरा वर्षं उभी आहे. मला फक्त संध्याकाळपर्यंत उभं राहायचंय, शिवबाई पाटावरून उठेपर्यंत.