निर्व्यसनी माणसाचं लिव्हर

दत्ताजीराव शितोळ्यांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, आणि हे ते रोज कोणाला तरी ऐकवत. आजोबा गायकवाडी फौजेत, आपण वीज कचेरीत हेडक्लार्क, दोघेही निर्व्यसनी. सकाळी फाफडा-जलेबी, संध्याकाळी सेव-उसळ आणि वर डायबिटीस, पण ते काही व्यसनात मोडत नव्हतं. म्हणून सत्त्याण्णव साली सयाजीगंजातल्या डॉक्टरांनी लिव्हर खराब झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. कौशल्याबाईंनी ते मन भरून पाहिलं.

"न पिणाऱ्यालाही होतं," डॉक्टर म्हणाले. "चरबीनं लिव्हर निबर झालंय. जपलंत तर वर्षानुवर्षं काढाल. पण कुठे जखम चिघळली तर त्याच दिवशी या. एका जागचा दाह रक्तातून अंगभर पसरतो. तुमच्या लिव्हरला तो झेपायचा नाही."

एवढ्या सगळ्यातून दत्ताजीरावांनी फक्त लिव्हर हा शब्द ऐकला. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे कोण चोरून पितो हे हुंगत फिरणं हा त्यांच्या दांडिया बाजार वस्तीचा आवडता उद्योग.

"कोणी विचारलं तर कावीळ सांगायचं," ते रिक्षातच म्हणाले. डोळे पिवळे होतेच. थाप खपली.

खपली आणि घात झाला. शेजारच्या गंगाबाई लगेच दारात हजर. "कावीळला दवाखाना नाय चालत, कौशल्याबेन. छाणी गावात एक बापू सळई तापवून डाग देतात. आमच्या भाईला तरत सारू झालं, दोन दिवसांत उठून बसला."

त्या गेल्यावर कौशल्याबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, डॉक्टर जखमेला जपा म्हणतात आणि तुम्ही मुद्दाम करून घेणार?"

"नाही म्हटलं तर विचारतील, कावीळ नाही तर मग काय?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. हा शहाणा छाणीला जाऊन तापल्या सळईचा मार दंडावर घेऊन आला आणि गल्लीभर दाखवत फिरला. डाग चिघळला तेव्हा मात्र पूर्ण बाह्यांचा सदरा चढवला, कारण डॉक्टर ओरडतील. बायकोपासूनही लपवलं. ताप चढून बरळायला लागले, तेव्हा कौशल्याबाईंनी सदरा काढला आणि पू पाहून तसंच त्यांना रिक्षात घातलं. उशीर झाला होता. दाह अंगभर गेला होता, लिव्हरनं हात टेकले. आठवडाही निघाला नाही.

कौशल्याबाईंना रडू येण्याआधी संताप आला. ज्या माणसानं आपल्याला जन्मभर शहाणपण शिकवलं, तो शेजाऱ्यांच्या भीतीनं मेला होता.

भेटायला गंगाबाई आल्या, जवळ सरकून बसल्या. "आता सांगते, बेन. आम्हाला पहिल्यापासून खबर होती. तुमच्या डॉक्टरांकडचा कंपाउंडर आमच्या नात्यातला. लिव्हर म्हटल्यावर समजलोच आम्ही. पण दारूचं नाव कधी तुमच्या तोंडावर काढलं नाही."

"कावीळ नाही हे माहीत होतं, मग डाग घ्यायला कशाला सांगितलंत?"

"तुम्ही कावीळ म्हणालात ना? मग आम्हीही तुमची लाज राखली."

कौशल्याबाई पदर सावरून ताठ बसल्या. मग म्हणाल्या, "ते पीत नव्हते."

"हो, हो," गंगाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आपण तसंच सांगायचं."