कणगीतली खरखर

मुंगीचं नुसतं डोकं... धड नाही, पाय नाहीत, पण दाणा सोडलेला नाही. सुपातल्या बाजरीत लामुसाला ते दिसलं आणि पाखडता पाखडता तिचा हात थांबला. तिने नखाने दाणा सोडवून पाहिला. जबडा काही उघडेना. मेल्यावरही माझं ते माझंच, असा हट्ट.

कणगीत मुंग्या असायच्याच, त्यात काय एवढं... पण ही माती? कणगीची माती पांढुरकी, आणि सुपात उरलेली ही तांबडी, ओलसर, जमिनीच्या पोटातली. मागे एका वाईट वर्षी तिच्या आजोळच्या बायका वारुळं खणायच्या, मुंग्यांनी साठवलेले दाणे काढायच्या, आणि आजी ओरडायची — मूठभर आत ठेवा गं, त्यांनाही पोरंबाळं आहेत...

सासऱ्याचे हात सुजलेत. काटे टोचले म्हणतो. घर उठायच्या आधी रानात जाऊन येतो, मग शिडी लावून कणगीचं गवती टोपण उचलतो, आत उतरतो, दाणे उपसायच्या तुंब्याची खरखर ऐकू येते आणि दिवसाची बाजरी घेऊन वर येतो. म्हणजे वारुळातलं आणून कणगीत टाकायचं, आणि कणगीतून काढल्यासारखं करायचं? घरच्यांना कळू नये म्हणून? तिला एकदम रडू आलं. पण खात्री कशी करणार? कणगीत डोकवायचं ते कर्त्या पुरुषानेच. बाईची नजर पडली की कणगी आटते म्हणतात. म्हणजे आत काही नसेल तर ते तिच्याच माथी... आणि पाहिलंच नाही तर? तर आहे. न पाहिलेल्या कणगीत बाजरी असते, पेरणीचं बियाणंही असतं.

"अगं, सुपाकडे काय बघत बसलीस?" कुंपणापलीकडून शेजारीण पोगनेरे, डोक्यावर बोचकं. "ट्रक निघतोय. शहरात भांडी घासली तरी पोटाला मिळेल. चल की! का सासऱ्याची कणगी सोडवत नाही?"

"बियाणं आहे आमचं."

"तू पाहिलंस?"

"मी कशी पाहणार?"

"मग राहा बाई, न पाहिलेलं खात." पोगनेरे हसली. हसताना तिचे दात फार मोठे दिसले... की गालच उरले नव्हते?

लामुसाची मुलगी बिबाता सावलीत पडून होती. खेळत नव्हती, रडतही नव्हती, आणि हे न रडणंच लामुसाला भिववायचं. बियाणं असेल तर थांबावं. पेरणी होईल, आबिजान शहराकडे कोकोच्या मळ्यात राबायला गेलेला नवरा परतेल. नसेल तर आजच, याच ट्रकने, पोरीला घेऊन निघायला हवं. एवढंच तर कळायला हवं होतं.

"मामंजी, किती उरलंय?"

कडुनिंबाखालच्या म्हाताऱ्याने हात झग्यात लपवले. "भरपूर आहे, पोरी. कणगीलाच विचार हवं तर."

तो चेष्टेने म्हणाला, पण ती उठलीच. डोकवायचं नाही, कान लावायला कुठे बंदी आहे? भिंत उन्हाने तापलेली. तिने बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज आला.

आणि मग आतून खरखर... तुंबा तळाशी घासावा तशी, सावकाश. तिने वळून पाहिलं. म्हातारा कडुनिंबाखालीच होता, तुंबा त्याच्या पायाशी पालथा. मग आत कोण? मुंग्या — आपलं परत न्यायला आलेल्या? की कुणी बाई आहे, माझ्यासारखीच, माझ्याच हातांनी तळ खरवडणारी...

ट्रकचा भोंगा वाजला. "लामुसाऽ!" पोगनेरेची हाक. बिबाताने मान उचलली.

"आई, आत काय आहे?"

तिला घाबरायला हवं होतं. पाय निघायला हवे होते. पण खरखर चालूच होती, म्हणजे आत खरवडण्याजोगं काहीतरी होतं... निदान काहीतरी...

"भरपूर आहे, बाळा," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज म्हाताऱ्याचा वाटला. भोंगा पुन्हा वाजला. तिने भिंतीवरचा कान काढला नाही. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.