मैनेची पारख

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी घोड्यांची पारख व्हायची, आणि शर्यतीपेक्षा जास्त गर्दी त्या पारखीला असायची. काही घडण्यापेक्षा काय घडणार यावर भांडायला आम्हा कोल्हापूरकरांना जास्त आवडतं. स्वार एकेक घोडा माळावर पळवून आणायचा, फक्रुद्दीनचाचा त्याच्याकडे बघत बसायचे, आणि मग त्याचा गुण आणि त्याची खोड दोन्ही सांगायचे. गुण लोकांसाठी, खोड स्वारासाठी. चाचांचा आवाज बसका, म्हणून ते माझ्या कानात बोलत आणि मी, जोतीराम, ते चार शेतांपलीकडे ऐकू जाईल असं ओरडून सांगे. शेवटी नंबर लागायचे. पहिल्या नंबरच्या घोड्याच्या कपाळाला गुलाल, आणि दुसऱ्या दिवशी कूड, चर, बांध ओलांडायची उड्यांची शर्यत बहुतेक वेळा तोच मारायचा.

चाचा म्हणजे महाराजांच्या पागेतले जुने चाबुकस्वार. अंगाला हात लावू न देणारं शिंगरू त्यांच्या ताब्यात द्यावं आणि खोगिराला सरावलेला घोडा परत न्यावा. बाकीचे शहाणे घोड्याच्या अंगावरचे भोवरे मोजायचे, मालकाची रास विचारायचे. चाचा घोडा धापा कसा टाकतो तेवढंच बघायचे.

प्लेग ओसरून लोक परत घरात राहायला आले, त्या थंडीतली ही गोष्ट. शर्यतीत मौला उतरणार होता. मौला हा चाचांच्या बहिणीचा मुलगा, आणि जावईसुद्धा. मागच्या शर्यतीत तो पाण्याच्या चरात घोड्यासकट पडला होता, बरगड्या मोडून सगळा उन्हाळा अंथरुणात काढला होता. एवढ्यावर माणसाला अक्कल यावी. पण मौलाला अक्कल नव्हे, मैना मिळाली होती. मैना ही चाचांनीच तयार केलेली करड्या अंगाची घोडी. मौलानं तिला पंचगंगेकाठच्या सपाटीवर भरपूर पळवलं होतं, चढावर मात्र कधीच नाही.

पारखीच्या दिवशी दुपारी मी शिवाजी पेठेत चाचांच्या घरी गेलो, तर त्यांची लेक शमशाद, मौलाची बायको, आलेली. पोटुशी होती, चालून धाप लागली होती, तरी बसायला तयार नव्हती.

"अब्बा, मैनंला शेवटचा नंबर द्या," ती म्हणाली.

"का गं?"

"पहिला दिलात तर त्ये जीव खाऊन पळवणार. शेवटचा दिलात तर म्हणतील, न्हायतरी हरायचंच हाय, सांभाळून आणू. मला माझा माणूस धडधाकट पायजे. तुमचा गुलाल नको."

चाचांनी हातातलं पान तसंच खाली ठेवलं. आयुष्यभर ज्या माणसानं इनामदाराच्या तोंडावर त्याच्या घोड्याला नावं ठेवली, त्यानं लेकीपुढं मान डोलावली. ती गेल्यावर ते मला म्हणाले, "जोतीराम, शर्यत मैनाच मारणार. तिच्यासंगं पळंल असं एक जनावर न्हाय. खोड एकच. शेवटच्या बांधाआधी चढ हाय. चढावर लगाम आवरून दोन श्वास घ्यू दिलं, तर बांधावरनं अशी जाईल की धूळ उडायची न्हाय. दमलेली हाणत न्हेली, तर बांध छातीवर घेईल."

"मग ह्येच सांगूया की! खोड सांगितली म्हंजे तो संबाळंल."

"आन् न्हाय संबाळलं तर? गुलाल लागल्यावर पोरगं ऐकतंय व्हय?"

"चाचा, शेवटचा नंबर दिलासा तर त्ये इरेला पेटंल."

"माझा भाचा हाय. माझ्यापेक्षा तुला जास्त ठावं?"

हरणार म्हणून सांगितलं की माणूस सबुरीनं घेईल, हे चाचांनी धरून चालावं! दुसऱ्या गावचा माणूस असता तर मी समजून घेतलं असतं. पण ज्याचा जन्म तालमीच्या आखाड्याशेजारी गेला, त्याला एवढं कळू नये याचा मला अजूनही राग येतो. मायेनं माणूस आंधळा होतो, दुसरं काय.

संध्याकाळी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. पहिला आला छावणीतल्या साहेबाचा वेलर, परदेशातून आणलेल्या जातीचा उंच घोडा. चाचा कानात बोलले, मी ओरडलो, "पाय लांब, उडी उंच! पण वळणावर भायेर फेकला जातोय. स्वारानं वळणाआधीच आवरावं!" मग पेठेतल्या तालमीचा, चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी आला, मागून अर्धी तालीम नाचत. "कपाळ देखणं हाय! पण पाणी बघितलं की माघारी फिरवतंय!" लोक हसले आणि तालीमवाले माझ्याकडे खाऊ का गिळू असे बघायला लागले. तिसरा नेसरीच्या इनामदारांचा काळपट तांबडा कुमैत, नाव राजबिंडा. त्याच्यावर ज्ञानू, हा स्वार जेवतानाही घाई करत नसे. "घोड्यात चमक न्हाय, पर चाल एकसारखी! म्होरचे चुकले तर ह्यो चुकणार न्हाय!"

मग मैना आली. तिला बघायला लोक टाचा उंचावून उभे राहिले. माळाला वळसा घालून ती थांबली तेव्हा तिची बरगडी जेमतेम हलत होती. मौलानं मान वर करून आमच्याकडे बघितलं. मामूच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायची त्याला एवढी घाई होती की मला त्याच्याकडे बघवेना.

चाचा कानात बोलले. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझा दंड आवळला.

"मैना!" मी ओरडलो. "चाल गोड! पण छातीत दम न्हाय! पाण्याच्या चरापतूर येईल, म्होरं न्हाय! नंबर शेवटचा! पयला राजबिंडा!"

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग गर्दीतून बाळासो नावाचा एक आगलाव्या ओरडला, "अरं, घरची घोडी, घरचा जावई, आन् मामूच शेवटाला बसिवतोय! मौला, बांगड्या भर जा!" माळभर हशा उसळला.

मौला खाली उतरला. लगाम धरून सरळ चाचांपुढं आला.

"मामू, दम कुणात न्हाय? घोडीत का माझ्यात?"

"मी घोडीचं बोललो."

"लोक घोडीला हसत न्हाईत."

राजबिंड्यासाठी आणलेलं गुलालाचं ताट शेजारी होतं. मौलानं त्यात हात घातला आणि मूठभर गुलाल स्वतःच मैनेच्या कपाळाला फासला. असं आजवर कुणी केलं नव्हतं. "आता उद्या बगू," म्हणून तो निघून गेला.

चाचा तो गेला त्या वाटेकडे बघत उभे होते. मी म्हणालो, "अजून वेळ गेली न्हाय. त्याला गाठून खरं सांगा."

"आता खरं सांगितलं तरी म्हणंल, मामू माझं मन राखाय आलाय," ते म्हणाले. आणि तेही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शेवटच्या बांधाजवळ जाऊन उभे राहिलो. हवा इतकी स्वच्छ होती की लांबवर जोतिबाचा डोंगर स्पष्ट दिसत होता. बार झाला. मैना पहिल्या झेपेतच पुढं आली. एवढ्या लांबच्या शर्यतीत सुरुवातीलाच कुणी असा पळवतो का? काटेरी कूड ती सहज ओलांडून गेली. वळणावर वेलर बाहेर फेकला गेला. पाण्याच्या चराला पंचकल्याणीनं देखणं कपाळ माघारी फिरवलं. मैना तोच चर पक्ष्यासारखी उडून पार झाली, आणि मौलानं रिकिबीत उभं राहून गर्दीकडे बघत आरोळी ठोकली, "बगा रं! चराम्होरं आली का न्हाय?"

आता फक्त चढ आणि बांध. राजबिंडा बराच मागं होता. मौला नुसता बसून राहिला असता तरी शर्यत त्याचीच होती. पण मैनेचं तोंड उघडं पडलं होतं, मानेवर फेस आला होता.

"दमली," चाचा म्हणाले, आणि म्हातारा माणूस दोन्ही हात वर करून शर्यतीच्या वाटेवर पळत सुटला. "दम खाऊ दे तिला! मौला, लगाम आवर!" त्यांचा आवाज त्यांच्यापाशीच राहत होता. मी मागं पळत छाती फुटेस्तोवर ओरडलो, "आवर! आवर! जित्लायस तू!"

मौलानं आम्हाला बघितलं. बघितलं हे मी शपथेवर सांगेन, कारण त्याची माझी नजरानजर झाली. त्याला वाटलं, शब्द खोटा पडतोय म्हणून मामू आडवा आलाय. त्यानं दात आवळले आणि चाबूक ओढला. मी चाचांना धरून बाजूला लोळलो.

मैनेनं बांध छातीवर घेतला. दगड ढासळले, घोडी उलटली आणि मौला तिच्याखाली गेला. मागून राजबिंडा आला, ज्ञानूनं त्याला बाजूनं नीट काढलं, आणि घाई न करता शर्यत मारली. मैना थरथरत उठून उभी राहिली. मौला उठला नाही.

जीव वाचला. गुडघ्याचा मात्र चुरा झाला होता. हाडवैद्यानं फळ्या बांधल्या आणि बाहेर येऊन सांगितलं, हा पाय परत रिकिबीत जायचा नाही.

मौला नीट शुद्धीवर आला तेव्हा शमशाद उशाशी होती. चाचा उंबऱ्यातच उभे होते, मी त्यांच्यामागं.

"मामू, एक खरं सांगा," मौला म्हणाला. "मैनंत दम व्हता का न्हवता?"

शमशादनं बापाकडं बघून मान हलवली, नाही म्हणून सांगा. नव्हता म्हणणं किती सोपं होतं! घोडीवर खापर फोडून सगळे मोकळे झाले असते. पण दोनदा खोटं बोलणं त्या माणसाला जमणारं नव्हतं.

"व्हता. शर्यत तिचीच हुती," चाचा म्हणाले. "चढावर दोन श्वास घ्यू दिलं असतंस, तर तिचीच."

"मग तसं का म्हणाला न्हाईसा?"

"तू पडशील म्हणून भ्यालो."

मौलाच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"तुमी पयला नंबर देऊन म्हणाला असता, चढावर दोन श्वास दे, तर मी दोन दिलं असतं. चार म्हणाला असता तर चार. तुमच्या शब्दाभायेर मी कधी गेलो का, मामू?"

शमशादनं तोंडाला पदर लावला. चाचा खाली बसले, फळ्या बांधलेल्या पायावर कपाळ न टेकवता त्याच्या शेजारी टेकवलं, आणि मोठ्यानं रडायला लागले. त्यांना उठवायला आमच्यापैकी कुणीच पुढं गेलं नाही.