आगाऊ मागितलेली माफी

मोठ्या उपवासाच्या पहिल्या सोमवारी चर्चमध्ये शुब्कोनो, म्हणजे क्षमेचा विधी, होता. त्या दिवशी सगळेच एकमेकांपुढे वाकतात, माफी मागतात, हातात हात देतात. बायका बायकांना, पुरुष पुरुषांना. पाच वर्षं सोशाम्माला बघून खांबाआड सरकणारी शेजारीण अच्चाम्मा या वेळी सरळ तिच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. "काही चुकलं असेल तर माफ कर गं," म्हणाली. असेल तर म्हणे! तिचा घामट, मऊ हात हातात घेताना सोशाम्माला शिसारी आली. पण पाद्री बघत होते. तिने हात दिला आणि घरी येऊन साबणाने खसाखसा धुतला.

काय चुकलं होतं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सोशाम्माच्या लीनाला लहानपणी फिट यायची. जिवाभावाची मैत्रीण म्हणून तिने ते एकट्या अच्चाम्माला सांगितलं होतं. लीनाचं लग्न ठरत आलं, तेव्हा नेमकं तेच मुलाकडच्यांच्या कानावर गेलं आणि सगळं फिसकटलं. त्याच मुलाशी अच्चाम्माने वर्षाच्या आत आपल्या थोरलीचं लग्न लावलं, आणि वर सोशाम्माच्या घरी आमंत्रणही पाठवलं. लीनाला त्यानंतर स्थळच आलं नाही.

बुधवारी उतुप नावाचे गृहस्थ दारात आले. अच्चाम्माची धाकटी, रीबा, त्यांच्या भाच्यासाठी बघितली होती. अशा वेळी शेजारघरी चौकशी करायची रीतच आहे. काळी कॉफी पुढे ठेवता ठेवता सोशाम्माच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे सोमवारचं ते वाकणं यासाठी होतं! बयेने देवापुढे गुडघे टेकले तेसुद्धा सोशाम्माचं तोंड बंद ठेवायला.

कारण रीबाचा बाप गावाला सांगितलं तसा हृदयविकाराने गेला नव्हता. रबर वाळवायच्या खोपटात त्याने गळफास घेतला होता. सोशाम्माच्या नवऱ्यानेच दोर कापून त्याला खाली घेतलं, आणि आत्महत्या म्हटलं की नाकारली जाणारी चर्चच्या मातीतली जागा त्याला मिळावी म्हणून नवरा-बायकोने तोंडाला कुलूप लावलं. नवराही आता नव्हता. अच्चाम्मा सोडली तर हे माहीत असणारी ती एकटीच उरली होती.

"बाप अचानक गेला म्हणे," उतुप म्हणाले. "नक्की काय झालं होतं?"

एक वाक्य पुरलं असतं. ते अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर गोड लागत होतं. पण त्या गोडीचीच तिला किळस आली. अच्चाम्माला लीनाबद्दल बोलताना असंच गोड लागलं असणार.

"चौकशी मुलीची करायला आलात ना, अच्चाया?" ती म्हणाली. "मग मेलेल्या माणसाला कशाला उठवता? मला लग्नाचा मुलगा असता तर रीबा मीच घरात आणली असती."

ते खोटं नव्हतं. पोर खरंच गुणाची होती.

उतुप गेले, तशी अच्चाम्मा मागच्या दाराने हजर. चेहरा नुसता फुललेला. तिने सगळं ऐकलं होतं, हे विचारायची गरजच नव्हती. "तू मनापासून माफ केलंस, मला सोमवारीच कळलं होतं," असं म्हणत ती गळ्यात पडायला आली.

सोशाम्मा मागे सरकली. "माझ्या वाट्याचं माफ केलं. लीनाच्या वाट्याचं माझ्याकडे नाही. ती आत इस्त्री करतेय. जा, तिच्यापुढे वाक."

अच्चाम्माने आतल्या दाराकडे पाहिलं. मग चपला चाचपडायला लागली. "कशाला त्या पोरीला जुनं उकरून त्रास," असं पुटपुटत कुंपणापलीकडे गेलीसुद्धा.

सोशाम्माच्या अंगाची लाही लाही झाली. नेमका तेव्हाच फोन वाजला. उतुपच होते. ओशाळल्या आवाजात म्हणाले, बायकोला चैन पडत नाही. बापाचं भलतंसलतं काही नव्हतं ना, एवढंच सांगा.

खिडकीतून अच्चाम्माची पाठ अजून दिसत होती.

"मुलगी चांगली आहे," सोशाम्मा म्हणाली. "माझा शब्द तोच. तुमच्या बायकोलाही हेच सांगा." आणि तिने फोन ठेवला.

"कोणाचा फोन गं?" लीनाने आतून विचारलं.

"रीबाचं जमतंय," ती म्हणाली, पण आत जाऊन लेकीच्या तोंडाकडे बघायचं तिचं धाडस झालं नाही.